कृष्णद्रव्याच्या शोधातील डिटेक्टर : खाणीच्या तळाशी चार दशकांची प्रतीक्षा

वर्धा, (प्रतिनिधी) : येथील बजाज चौकात भर दुपारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सुमारे सत्तर हजार कण आरपार निघून जात असावेत आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नसावा, असे कोणी सांगितले तर ते ऐकणाऱ्याला थट्टाच वाटेल. मात्र, हेच गृहीत धरून गेली जवळजवळ चार दशके जगभरातील शास्त्रज्ञ खाणींत आणि डोंगरांच्या पोटात अत्यंत संवेदनशील उपकरणे मांडून बसले आहेत. या कणांपैकी एकही कण अद्याप निर्विवादपणे हाती लागलेला नाही. ज्या द्रव्याचे ते असावेत, त्याला मराठीत कृष्णद्रव्य आणि इंग्रजीत डार्क मॅटर म्हणतात. त्याचा थेट शोध घेणारी उपकरणे कोणती, ती कशी चालतात, जमिनीखालीच का ठेवावी लागतात आणि या शोधात भारत कोठे आहे, याचा हा आढावा.

सत्तर हजारांचा आकडा कोठून आला, हे आधी पाहू. सूर्याच्या परिसरातील तारे ज्या गतीने फिरतात, त्यावरून येथील एक लिटर जागेत साधारण तीनशे प्रोटॉनांच्या वस्तुमानाइतके कृष्णद्रव्य असावे, असा अंदाज आहे. त्याचा प्रत्येक कण प्रोटॉनाच्या शंभरपट जड असेल, तर एका लिटरमध्ये असे तीन कण येतात. सूर्यमाला आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगाने फिरत या द्रव्यातून वाट काढते. त्या हिशेबाने एका चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सुमारे सत्तर हजार कण जातात. कण अधिक जड असेल तर संख्या कमी होईल आणि हलका असेल तर वाढेल.

न दिसणाऱ्या द्रव्याचा पुरावा

हे द्रव्य आहे असे मानण्याचे कारण गुरुत्वाकर्षण होय. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा नावाच्या दीर्घिकांच्या गुच्छाचा अभ्यास केला. त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या की, केवळ दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीने तो गुच्छ एकत्र राहणे शक्य नव्हते. पुढे १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या फिरण्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. केंद्रापासून दूर गेल्यावर वेग कमी व्हायला हवा होता, तो होत नव्हता. विश्वातील एकूण द्रव्य-ऊर्जेत आपल्या ओळखीचे अणू-रेणूंचे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि उर्वरित कृष्णऊर्जा, असे आजचे गणित सांगते.

या कथेत विदर्भाचाही एक धागा आहे. शेजारच्या नागपुरात १९४० मध्ये जन्मलेले रामनाथ कौशिक हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून घडलेले खगोलभौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी मॅकलेलँड यांच्यासमवेत १९७२ आणि १९७३ मध्ये दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. विश्वाच्या आरंभापासून उरलेल्या न्यूट्रिनो कणांना थोडेसे जरी वस्तुमान असेल, तर त्यांचे गुरुत्वाकर्षण दीर्घिकांच्या गुच्छांना बांधून ठेवू शकेल, ही कल्पना त्यांनी मांडली. अज्ञात द्रव्य हे एखाद्या मूलभूत कणाचे असू शकते, या विचाराची ही आरंभीची मांडणी होती. न्यूट्रिनोला वस्तुमान आहे, हे पुढे सिद्ध झाले. परंतु ते इतके अल्प आहे की, कृष्णद्रव्याचा हिशेब त्यातून जुळत नाही. त्यामुळे शास्त्रज्ञ अधिक जड आणि अद्याप न सापडलेल्या कणाकडे वळले. या काल्पनिक कणाला विम्प असे नाव पडले. वस्तुमान भरपूर, पण इतर द्रव्याशी देवाणघेवाण जवळजवळ नाही, असा त्याचा स्वभाव मानला जातो.

धक्का मोजण्याचे तत्त्व

मार्क गुडमन आणि एडवर्ड विटन यांनी १९८५ मध्ये थेट शोधाचा मार्ग सुचविला. कोट्यवधी कण आरपार जात असताना एखादा कण चुकून एखाद्या अणुकेंद्रकावर आदळला, तर ते केंद्रक किंचित मागे ढकलले जाईल. कॅरमच्या सोंगटीला स्ट्रायकर लागावा तसा हा प्रकार. आपल्याला स्ट्रायकर दिसत नसला तरी सोंगटी हललेली दिसू शकते. या धक्क्याची ऊर्जा मात्र अत्यल्प असते. उडणाऱ्या डासाच्या गतिज ऊर्जेचे दहा कोटी भाग केले, तर त्यातील एका भागाइतकी ती भरेल.

ढकलले गेलेले केंद्रक आपली ऊर्जा तीन मार्गांनी टाकते. पहिला मार्ग प्रकाशाचा. काही पदार्थांत धक्क्यासरशी क्षीण चमक उमटते. दुसरा विद्युतभाराचा. शेजारच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. तिसरा उष्णतेचा. स्फटिकाची जाळी कंप पावते आणि तापमान किंचित वाढते. जगातील बहुतेक डिटेक्टर यांपैकी एक किंवा दोन खुणा टिपतात. दोन खुणा एकाच वेळी टिपण्यात मोठा लाभ असतो. किरणोत्सर्गातून आलेला गॅमा किरण इलेक्ट्रॉनला धडकतो, तर विम्प केंद्रकाला धडकेल. या दोन धडकांत प्रकाश, विद्युतभार आणि उष्णता यांचे परस्पर प्रमाण वेगवेगळे असते. त्या प्रमाणावरूनच खरा पाहुणा आणि तोतया वेगळे ओळखता येतात.

खाणीतच का?

तोतयांची संख्या हीच या क्षेत्रातील खरी अडचण आहे. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. म्हणजे पसरलेल्या तळहातातून दर सेकंदाला एखादा तरी जातोच. अशा गोंगाटात वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी होणारा धक्का ओळखणे अशक्य होय. एक-दोन किलोमीटर खडक डोक्यावर घेतला की म्युऑनांची संख्या लाखो पटींनी घटते. म्हणूनच थेट शोधाचा पहिला प्रयोग १९८७ मध्ये अमेरिकेतील होमस्टेक या सोन्याच्या खाणीत जर्मेनियमचा डिटेक्टर ठेवून झाला.

खाणीत गेल्यावरही सुटका होत नाही. खडकात युरेनियम आणि थोरियम असतात. त्यांच्यातून निघणारा रेडॉन वायू हवेत मिसळतो. उपकरणाचे धातू, वायर, काच, सर्वांत किरणोत्सर्गाचा अंश असतो. एका केळ्यातील पोटॅशियममधून सेकंदाला सुमारे पंधरा किरणोत्सर्गी विघटने होतात, तर माणसाच्या शरीरात ती सेकंदाला चार हजारांहून अधिक होतात. डिटेक्टरजवळ उभा राहिलेला शास्त्रज्ञ स्वतःच गोंगाटाचे एक साधन ठरतो.

त्यामुळे डिटेक्टरभोवती पाण्याच्या टाक्या, शुद्ध तांबे आणि शिसे यांची आवरणे चढवावी लागतात. शिशातही एक किरणोत्सर्गी समस्थानिक असतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षे आहे. म्हणून जितके शिसे जुने, तितके ते शांत. इटलीतील ग्रान सास्सो प्रयोगशाळेत दुर्मीळ घटनांच्या एका प्रयोगासाठी, दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रात बुडालेल्या रोमन जहाजातील शिशाच्या विटा वितळवून वापरण्यात आल्या, त्या याच कारणाने.

डिटेक्टरांचे चार प्रमुख प्रकार

*चमकणारे स्फटिक :* सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात धक्का बसला की प्रकाश उमटतो आणि प्रकाशगुणक नलिका त्याचे विद्युत संकेतात रूपांतर करते. ही पद्धत सर्वांत साधी आहे. मात्र, एकच खूण मिळत असल्याने तोतया ओळखणे कठीण जाते.

*अतिशीत स्फटिक :* जर्मेनियम किंवा सिलिकॉनचा स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या काही शतांश भागाइतक्या तापमानाला ठेवला जातो. इतक्या थंडीत एका धक्क्याची उष्णताही मोजता येते. पृष्ठभागावर टंगस्टनची सूक्ष्म पट्टी अतिवाहकतेच्या उंबरठ्यावर ठेवलेली असते. किंचित उष्णता पोहोचली तरी तिचा विद्युतरोध एकदम बदलतो. अमेरिकेतील सीडीएमएस प्रयोगाने २००९ च्या डिसेंबरमध्ये अशा दोन संशयास्पद घटना जाहीर केल्या. परंतु पार्श्वभूमीतूनही साधारण एक घटना अपेक्षित असल्याने संबंधित शास्त्रज्ञांनी शोध लागल्याचा दावा केला नाही. याचीच पुढची आवृत्ती असलेल्या कॅनडातील सुपरसीडीएमएस प्रकल्पात भुवनेश्वरची नायसर ही संस्था सहभागी आहे. हलक्या विम्पच्या शोधासाठी हा प्रकार विशेष उपयुक्त मानला जातो.

*द्रवरूप झेनॉन आणि अर्गॉन :* आज सर्वांत मोठे डिटेक्टर याच प्रकारचे आहेत. उणे शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास झेनॉन द्रवरूप होतो. धक्का बसताच द्रवात पहिली चमक उमटते. सुटे झालेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने वर खेचले जातात आणि द्रवावरील वायूच्या थरात शिरताना दुसरी चमक देतात. दोन चमकांमधील वेळेवरून धक्का किती खोलीवर झाला हे समजते; वरच्या नलिकांपैकी कोणत्या उजळल्या, त्यावरून जागा कळते. बाहेरून आलेला किरणोत्सर्ग बहुधा कडेलाच अडतो. म्हणून शास्त्रज्ञ टाकीच्या गाभ्यातील घटनाच विचारात घेतात आणि बाहेरच्या थराला कुंपणासारखे वापरतात.

हवेच्या एक कोटी भागांत झेनॉनचा एक भागही नसतो. तरीही अमेरिकेतील एलझेड प्रयोगाने दहा टन झेनॉन जमविला आहे. त्यात मिसळलेला क्रिप्टॉन वायू काढून टाकणे हेच एक स्वतंत्र काम ठरले, कारण त्यात अणुइंधनाच्या प्रक्रियेतून हवेत आलेला किरणोत्सर्गी क्रिप्टॉन असतो. इटलीतील झेनॉनएनटी आणि चीनमधील पांडाएक्स-४टी हे याच पद्धतीचे डिटेक्टर होत. अर्गॉन झेनॉनपेक्षा कितीतरी स्वस्त. पण हवेतील अर्गॉनमध्ये विश्वकिरणांमुळे तयार झालेला किरणोत्सर्गी अंश असतो. म्हणून डार्कसाइड प्रकल्पासाठी अमेरिकेतील कोलोराडो येथे भूगर्भातून निघणारा अर्गॉन मिळविण्यात आला.

*बुडबुड्यांचे डिटेक्टर :* द्रवाचे तापमान उत्कलनबिंदूच्या वर नेले, पण त्याला उकळण्याचे निमित्तच दिले नाही, तर तो काही काळ तसाच तग धरतो. अशा अतितप्त द्रवात केंद्रकाला धक्का बसला की त्या ठिकाणी बुडबुडा फुटतो. तापमान आणि दाब नेमके राखले, तर गॅमा किरण आणि इलेक्ट्रॉन यांच्यामुळे बुडबुडा निर्माणच होत नाही. म्हणजे तोतयांचा मोठा जमाव दारातच अडविला जातो. बुडबुड्याचा आवाजही ऐकला जातो. अल्फा कणांमुळे फुटणाऱ्या बुडबुड्याचा आवाज अधिक मोठा असतो, त्यावरून तोही वेगळा काढता येतो. कॅनडातील पिको हा प्रयोग या पद्धतीचा असून, कोलकात्याच्या साहा अणुभौतिकी संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले आहेत.

जूनमध्ये वाढणारा संकेत

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला वाद सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांवरून झाला. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. आपल्याकडे रोहिणी नक्षत्र सरत आलेले असते त्या सुमारास, म्हणजे २ जूनच्या आसपास, तिचा वेग सूर्याच्या वेगात सर्वाधिक मिळविला जातो आणि डिसेंबरमध्ये तो उणा होतो. त्यामुळे कृष्णद्रव्याच्या धडकांची संख्याही जूनमध्ये थोडी वाढून डिसेंबरमध्ये घटावी. ग्रान सास्सो येथील डामा प्रयोगाने असाच वार्षिक चढउतार दिसत असल्याचा दावा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस केला. पुढे सुमारे २५० किलो स्फटिकांच्या नव्या उपकरणातही तो चढउतार कायम राहिला.

तथापि, उन्हाळा-हिवाळ्यानुसार बदलणाऱ्या इतरही गोष्टी असतात. वरच्या वातावरणाचे तापमान बदलते, तशी म्युऑनांची संख्याही बदलते. शिवाय झेनॉनच्या अधिक संवेदनशील डिटेक्टरांना काहीच आढळले नाही. शंका कायमची मिटविण्यासाठी त्याच पदार्थाचे स्फटिक वापरून दक्षिण कोरियात कोसाइन-१०० आणि स्पेनमध्ये अनैस-११२ हे प्रयोग उभारण्यात आले. त्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदींनी डामाच्या दाव्याला दुजोरा दिलेला नाही. एका प्रयोगशाळेला दिसलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातांनी दिसल्याखेरीज ती मान्य होत नाही, हा विज्ञानाचा दंडक येथे पुन्हा अधोरेखित झाला.

कोलार ते जादुगुडा

जमिनीखालच्या भौतिकशास्त्रात भारत एकेकाळी आघाडीवर होता, हे आज फारसे कोणाला स्मरत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कर्नाटकातील कोलार येथील सोन्याच्या खाणीत विश्वकिरणांचे प्रयोग केले. साठच्या दशकाच्या आरंभी खाणीच्या अतिशय खोल पातळीवर सुमारे दोन महिने उपकरण ठेवूनही एकही म्युऑन नोंदला गेला नाही. वरवर पाहता हा प्रयोग वाया गेला, असे कोणालाही वाटले असते. परंतु इतकी शांत जागा न्यूट्रिनोच्या शोधासाठी उत्तम, हे संबंधितांनी ओळखले. जपानमधील ओसाका आणि ब्रिटनमधील डरहॅम येथील सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात १९६५ मध्ये वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा तेथे प्रथम आढळल्या. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटालाही त्या मिळाल्या. पुढे १९८० पासून कोलारमध्ये २.३ किलोमीटर खोलीवर प्रोटॉनच्या ऱ्हासाचा शोध घेण्यात आला.

सोने काढणे परवडेनासे झाले तशी प्रयोगशाळेलाही उतरती कळा लागली. प्रयोग १९९२ मध्ये आटोपले आणि २००१ मध्ये खाण बंद झाली. खोलवरचे बोगदे पाण्याखाली गेले. होमस्टेकची खाणही त्यानंतर थोड्याच वर्षांत बंद पडली होती. तेथे मात्र साचलेले पाणी उपसून भूमिगत प्रयोगशाळा पुन्हा उभी करण्यात आली आणि एलझेड डिटेक्टर आज त्याच खाणीत सुमारे १,४८० मीटर खोलीवर कार्यरत आहे. दोन खाणींची ही दोन नशिबे भारतीय वाचकाला चुटपुट लावणारी आहेत.

कोलारची उणीव भरून काढण्यासाठी तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याच्या प्रस्तावास केंद्र सरकारने २०१५ च्या आरंभी मंजुरी दिली. तेथेच कृष्णद्रव्याचा प्रयोगही करण्याची योजना होती. पर्यावरणाच्या मुद्द्यावरून स्थानिकांचा विरोध, न्यायालयीन वाद आणि राज्य सरकारचा नकार यांत हा प्रकल्प अडकला.

दरम्यान, साहा अणुभौतिकी संस्थेने झारखंडमधील जादुगुडा येथील युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर एक छोटी प्रयोगशाळा उभारली. तिचे उद्‌घाटन सप्टेंबर २०१७ मध्ये झाले. किरणोत्सर्ग टाळण्यासाठी युरेनियमच्याच खाणीत जायचे, हा विरोधाभास वाटेल. परंतु म्युऑन अडविणारा खडक आणि खाली जाण्याची तयार व्यवस्था तेथे होती. तेथील म्युऑन, न्यूट्रॉन आणि गॅमा किरणांचे मोजमाप करून आवरणांची आखणी करण्यात आली. या प्रयोगाचे नाव इंडेक्स. यात जेलमध्ये विखुरलेले अतितप्त द्रवाचे सूक्ष्म थेंब वापरले जातात. हा द्रव म्हणजे टेट्राफ्लुरोइथेन, जो अनेकांच्या मोटारीतील एसीमध्ये असतो. त्यातील फ्लुओरिन आणि कार्बन ही हलकी मूलद्रव्ये असल्याने कमी वजनाच्या कृष्णद्रव्य-कणांचा शोध घेण्यास तो सोयीचा ठरतो. परदेशातील टनांच्या डिटेक्टरांपुढे हा प्रयोग अगदी लहान आहे. तरीही कोलारनंतर खंडित झालेली परंपरा त्याने पुन्हा जोडली.

काहीच न सापडण्याचा अर्थ

एलझेडने २८० दिवसांच्या नोंदींचे निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले. विम्पची एकही खात्रीशीर खूण त्यात नव्हती. याचा अर्थ चार दशकांची मेहनत फुकट गेली असा होत नाही. प्रत्येक रिकाम्या नोंदीने विम्पचे काही संभाव्य प्रकार बाद केले. एकेकाळी अगदी शक्य वाटणारी अनेक गणिते त्यामुळे आज मागे पडली आहेत. काही शास्त्रज्ञ आता ॲक्सिऑन या कितीतरी हलक्या कणाकडे वळले असून, त्यासाठी चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्मलहरी टिपणारे वेगळेच डिटेक्टर लागतात.

दुसरीकडे एक नैसर्गिक मर्यादा समोर आली आहे. झेनॉनएनटी आणि पांडाएक्स या दोन्ही गटांना २०२४ मध्ये सूर्यातून येणाऱ्या न्यूट्रिनोंनी झेनॉनच्या केंद्रकांना दिलेल्या धक्क्यांची चिन्हे दिसली. न्यूट्रिनोंना कोणतेही आवरण अडवू शकत नाही आणि त्यांचा धक्का विम्पच्या धक्क्यासारखाच असतो. शास्त्रज्ञ याला न्यूट्रिनोंचे धुके म्हणतात. या धुक्यात शिरल्यावर केवळ डिटेक्टरचे वजन वाढवून भागणार नाही. धक्का कोणत्या दिशेने आला, हेही मोजण्याची गरज पडेल.

यापुढची उपकरणे अधिक मोठी आणि अधिक खर्चिक असतील, हे उघड आहे. ती जेथे उभी राहतील तेथील तरुणांना अतिशीत तंत्र, धातूंचे शुद्धीकरण आणि सूक्ष्म संकेतांचे मोजमाप ही कौशल्ये आपल्या मातीत शिकता येतील. विदर्भातील महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती संधी देशात मिळणार की त्यासाठी परदेशीच जावे लागणार, हा प्रश्न कृष्णद्रव्य सापडण्याची वाट पाहत थांबणारा नाही. कोलारच्या त्या दोन महिन्यांच्या नोंदवहीत एकही म्युऑन नव्हता. तरी तिच्यातूनच पुढचा शोध निघाला. तशी नोंदवही लिहिण्यासाठी मात्र खोल आणि शांत जागा हाताशी असावी लागते.

दृष्टिक्षेपात

- १९३३ : कोमा गुच्छाच्या अभ्यासातून न दिसणाऱ्या द्रव्याचा संशय
- १९६५ : कोलारच्या खाणीत वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद
- १९७२-७३ : कौशिक आणि मॅकलेलँड यांचे न्यूट्रिनोविषयक शोधनिबंध
- १९८५ : थेट शोधाची गुडमन आणि विटन यांची सूचना
- १९८७ : होमस्टेक खाणीत पहिला प्रयोग
- २००१ : कोलारची खाण बंद
- २०१७ : जादुगुडा येथील भूमिगत प्रयोगशाळेचे उद्‌घाटन
- २०२४ : एलझेडच्या २८० दिवसांच्या नोंदींत विम्प नाही, झेनॉन डिटेक्टरांत सौर न्यूट्रिनोंची चिन्हे